अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे बंद पडला नव्हे : अनेक अर्थांची इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज कशी उलगडायची

रात्रपाळीला होतो तेव्हाची गोष्ट. परदेशातल्या गोदामांच्या नोंदी पुण्यात बसून बघायच्या, असं काम नुकतंच लागलं होतं. एका रात्री तिकडच्या पहारेकऱ्याचा मेसेज आला : 'द अलार्म वेंट ऑफ ॲट टू टेन.' मी मनात म्हटलं, चला, बंद झाला एकदाचा. आणि उत्तर धाडलं : 'ओके, गुड.' पाच मिनिटांत फोन. समोरचा माणूस चिडलेला नव्हता, चक्रावलेला होता. इथे अलार्म ठणाणा वाजलाय आणि हा गृहस्थ 'गुड' कशाला म्हणतोय?

माझा हिशेब सरळ होता. 'टर्न ऑफ' म्हणजे बंद करणं, म्हणून 'गो ऑफ' म्हणजे बंद होणं. गंमत अशी की हा हिशेब पूर्ण चुकलेलाही नव्हता. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हटलं तर दिवे खरोखरच गेलेले असतात. दिवे 'गो ऑफ' झाले की विझतात, अलार्म 'गो ऑफ' झाला की बोंबलतो.

पुढे बरीच वर्षं मी संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतले. तिथे सगळ्यांची तक्रार एकच : सर, 'गो' येतं, 'ऑफ' येतं, दोन्ही मिळून काय होतं तेच कळत नाही. अशा जोडक्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटाला 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन', 'डाउन' असा एखादा चिमुकला शब्द. ही अडचण आजची नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये लंडनला आपला इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास या जोडण्यांचा होतो. तिथे उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे आणि अर्थ दिलाय नक्कल करणे. विमान तेव्हा कुठलं असायला! तो नकलेचा अर्थ ब्रिटिश इंग्रजीत अजून टिकून आहे आणि विमानाचा मागाहून येऊन बसला. एकाच जोडीला इतके अर्थ का, याचं अर्धं उत्तर यातच आहे. जुने अर्थ जात नाहीत, नवे येऊन शेजारी बसतात.

पहिली पायरी : आधी आपल्या घरात बघा

इंग्रजीच तेवढी विचित्र, असं वाटत असेल तर एखाद्या परक्याला 'लागणे' शिकवून बघा. भूक लागते, फोन लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, झाडाला आंबे लागतात. स्वारगेटला कुणी 'गाडी लागली' म्हटलं की आपण पिशव्या उचलून धावतो. तेच 'गाडी लागली' आंबेनळी घाटात कुणी म्हटलं की आपण रिकामी पिशवी शोधतो. कुणाला विचारावं लागत नाही. जागा, माणूस आणि त्याचा चेहरा पाहून अर्थ कळतो.

दुसरं उदाहरण. बोलून टाक, बोलून घे, बोलून दाखवलं, बोलून गेला, बोलून बसला. क्रिया एकच, बोलण्याची. पण 'बोलून टाक' मध्ये एकदाची मोकळीक आहे, 'बोलून गेला' मध्ये अनवधान आहे आणि 'बोलून बसला' मध्ये पश्चात्ताप. दुसरं क्रियापद रंग भरतं. इंग्रजीत हा रंग तो चिमुकला शब्द भरतो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नकोस. 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'फिनिश अप' या सगळ्यांत 'अप' म्हणजे आपलं 'टाकणे' आहे, वर जाण्याशी काडीचा संबंध नाही.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आणखी सोपं. आहार, विहार, प्रहार, संहार : 'हार' तोच, पुढचा उपसर्ग बदलला की जेवणाची मारामारी होते. फरक इतकाच की आपण तो तुकडा आधी लावतो, इंग्रज नंतर लावतो.

दुसरी पायरी : कर्ता कोण आणि कर्म आहे का, ते आधी बघा

कोश उघडण्याआधी वाक्याला हे दोन प्रश्न विचारायचे. 'टेक ऑफ' वर करून बघू.

कर्म नसेल, म्हणजे कर्ता एकटाच असेल तर? 'द प्लेन टुक ऑफ' : विमान उडालं. 'हर बिझनेस टुक ऑफ' : धंदा जोरात चालायला लागला. 'ही टुक ऑफ बिफोर द स्पीचेस' : भाषणं सुरू व्हायच्या आत पठ्ठ्या सटकला. तिन्हींत जमीन सोडणं आहे. कर्म असेल तर चित्र बदलतं. 'टेक ऑफ युअर शूज' : बूट काढ. 'आय ॲम टेकिंग मंडे ऑफ' : सोमवारी रजा घेतोय. 'शी टुक फिफ्टी रुपीज ऑफ द बिल' : बिलातून पन्नास रुपये कमी केले. इथे कशातून तरी काहीतरी काढून घेणं आहे. बूट, वार, रुपये यांतलं कर्म कोणतं, एवढं दिसलं की अर्थ आपोआप पडतो.

आता माझ्या जुन्या वैऱ्याकडे, 'गो ऑफ' कडे. कर्ता अलार्म, बॉम्ब किंवा बंदूक असेल तर वाजणं, फुटणं, सुटणं. कर्ता दिवा, पंखा किंवा हीटर असेल तर बंद होणं. कर्ता दूध किंवा मासे असतील तर नासणं. हे ब्रिटिश बोलणं झालं, अमेरिकन माणूस बहुधा 'गो बॅड' म्हणेल. कर्ता माणूस असेल तर निघून जाणं : 'शी वेंट ऑफ टू नाशिक'. आणि माणसाबरोबर कर्म आलं तर मन उडणं : 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी', म्हणजे कॉफी आता नकोशी झालीय.

मी वर्गात 'ऑफ' साठी एक मराठी शब्द धरायला सांगायचो : सुटणे. गोळी सुटते, स्प्रिंग सुटते, गाडी सुटते, सवय सुटते, पायातला बूट सुटतो. अलार्मही दाबून धरलेला असतो आणि एकदम सुटतो. ही शब्दाची व्युत्पत्ती नव्हे, डोक्यात बसवायची खुंटी आहे. अशा खुंट्या ऐंशी टक्के ठिकाणी चालल्या तरी खूप झालं म्हणायचं. नासलेल्या दुधासाठी ओढूनताणून सुटणे लावू नका, ते सरळ पाठ करा.

मराठी शब्द किती दूर नेतो? 'पिक अप' ची गोष्ट

यावर जरा रेंगाळतो, कारण शिकवताना मला सगळ्यात जास्त मजा यात आली.

'पिक अप' म्हणजे उचलणे. खाली पडलेलं पेन उचललं : 'पिक्ड अप'. फोन उचलला : तेही 'पिक्ड अप'. पोरं चाळीत खेळता खेळता हिंदी उचलतात : 'किड्स पिक अप लँग्वेजेस फास्ट'. पोलिसांनी रात्री दोघांना उचललं : 'द पोलीस पिक्ड अप टू मेन'. दिवाळीत धंद्याने उचल खाल्ली : 'बिझनेस पिक्ड अप'. पाच अर्थ झाले आणि मराठी कुठेही अडली नाही. हे ऐकून वर्गात एकदम हुरूप यायचा.

मग मी पुढचं वाक्य फळ्यावर लिहायचो : 'कॅन यू पिक अप सम मिल्क?' दूध उचलशील का? एकाने खरोखर टेबलावरची पिशवी उचलल्याचा अभिनय केला होता. इथे अर्थ आहे येताना घेऊन ये. 'पिक मी अप ॲट सिक्स' म्हणजे सहाला मला न्यायला ये. तिथे उचलून घेणं डोळ्यांसमोर आणू नका. 'आय पिक्ड अप अ कोल्ड' म्हणजे कुठूनतरी सर्दी घेऊन आलो. इथपर्यंत येताना, जाताना, वाटेत काहीतरी सोबत घेणं एवढं धरलं की जमतं.

उलट बाजूही आहे. आपण दुकानदाराकडून हजार रुपये उचलतो, म्हणजे उसने किंवा आगाऊ घेतो. त्याला 'पिक अप' म्हणालात तर इंग्रजाला वाटेल पैसे जमिनीवर पडले होते. आणि गॅरेजमध्ये आपण 'गाडीला पिकअप नाही' म्हणतो, ते गाडी झटकन वेग घेत नाही अशा अर्थाने. इंग्रजीतही 'पिक अप स्पीड' म्हणजे वेग घेणं आहेच, आपण त्याचं मस्त नाम करून टाकलं.

म्हणून कुठल्याही नव्या जोडीसाठी आधी एक मराठी क्रियापद शोधा, ते वेगवेगळ्या वाक्यांत फिरवून बघा आणि जिथे ते अडकतं तेवढीच वाक्यं पाठांतरासाठी बाजूला काढा. पाठांतर निम्म्यावर येतं.

तिसरी पायरी : 'मी', 'इट', 'हिम' कुठे बसतात

'टर्न ऑफ द फॅन' बरोबर. 'टर्न द फॅन ऑफ' हेही बरोबर. पण फॅनच्या जागी 'इट' आलं की एकच जागा : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' नाही. तसंच 'पिक मी अप', 'पिक अप मी' नाही. सर्वनाम लहान असतं, ते मध्ये चेपून बसतं.

काही जोड्या मात्र फुटत नाहीत. 'लुक आफ्टर हर' म्हणजे तिची काळजी घे. 'लुक हर आफ्टर' कुणी म्हणत नाही. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, तेही तसंच. तीन शब्दांची मंडळीही एकत्र राहतात : 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे, 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळचं संपणे. 'लुक फॉरवर्ड टू' ची एक खोड आहे, तिच्या मागे 'इंग' लागतं. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' असं नोकरीच्या अर्जात मी स्वतः किमान वीस वेळा लिहिलं असेल. बरोबर रूप 'मीटिंग यू'.

कानाला एक मदत आहे. क्रियापद असेल तेव्हा जोर मागच्या शब्दावर पडतो : पिक इट *अप*. त्याच जोडीचं नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो आणि लिहितानाही शब्द बहुधा जोडला जातो, किंवा मध्ये छोटी रेघ येते : *ब्रेक*डाउन, *चेक*आउट, *टेक*ऑफ. क्रिकेटवेड्या वर्गात हे लगेच पटायचं. 'रनआउट' हे नाम आपल्या अंगवळणी पडलेलंय. पण घरमालकीण 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणाली तर दूध धावचीत झालेलं नसतं, संपलेलं असतं.

चौथी पायरी : कुठे वापरायचं

शाळेत आपण 'पोस्टपोन' आधी शिकतो, 'पुट ऑफ' नंतर, कधीकधी शिकतही नाही. आता मराठीत बघा. बैठक स्थगित झाली आणि बैठक पुढे ढकलली. पहिलं वाक्य नोटिशीतलं, दुसरं तोंडातलं. इंग्रजीतही हीच फाळणी आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, विद्येत लॅटिन होतीच. भारदस्त शब्द बरेचसे तिकडून आले, 'पुट', 'गो', 'लुक' अशी रोजची क्रियापदं मात्र मूळ घरचीच राहिली. 'टॉलरेट' म्हणजे सहन करणे, 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे. 'इन्व्हेस्टिगेट' म्हणजे तपास करणे, 'लुक इंटू' म्हणजे जरा बघतो काय ते. 'रिजेक्ट' म्हणजे फेटाळणे, 'टर्न डाउन' म्हणजे नाही म्हणणे.

आपण फक्त पहिल्या रांगेतले शब्द वापरले तर चूक काहीच होत नाही, पण बोलणं सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. चहाच्या टपरीवर 'मी चहाचे प्राशन स्थगित करतो' म्हणण्यासारखं. म्हणून गप्पा, फोन, मेसेज यांत फ्रेजल व्हर्ब बिनधास्त. अर्ज, अहवाल, कोर्टकचेरी यांत एकशब्दी क्रियापद बरं. ईमेल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, समोरचा जसा लिहितो तसं लिहावं.

पाचवी पायरी : आपल्याकडची खास नाणी तपासून घ्या

काही जोड्या भारतात एका अर्थाने चालतात आणि बाहेर दुसऱ्या. सगळ्यात धोक्याची 'पास आउट'. 'आय पास्ड आउट इन २०१५' असं आपण झोकात सांगतो, म्हणजे पदवी घेतली. लंडनला किंवा न्यूयॉर्कला ऐकणारा समजतो, हा २०१५ मध्ये बेशुद्ध पडला. आपला अर्थ आभाळातून पडलेला नाही. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पुरं होण्याला 'पास आउट' म्हणतात आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड तर मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते. तिथे हा शब्द अगदी योग्य. कॉलेजसाठी मात्र बाहेर 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं.

याच कुळातली दुसरी जोडी 'पास अवे', म्हणजे निधन होणे. माझ्या वर्गात परदेशी जायच्या तयारीतली एक नर्स होती. सराव म्हणून तिला रुग्णाच्या नातेवाइकाला फोन करायला सांगितलं. तिला सांगायचं होतं की वडिलांना चक्कर आली होती, आता बरे आहेत. ती म्हणाली, 'युअर फादर पास्ड अवे, बट ही इज फाइन नाऊ.' वर्ग हसला, ती मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिने वहीत दवाखान्याचं वेगळं पान केलं. 'थ्रो अप' : ओकणे. 'कम राउंड' : शुद्धीवर येणे, पण शेजारीण 'कम राउंड' म्हणाली तर घरी ये. 'ब्रिंग अप' : लहानाचं मोठं करणे, विषय काढणे आणि ओकणेसुद्धा. हे तीन अर्थ एका ओळीत लिहून तिने शेजारी फक्त 'कर्म बघ' एवढं लिहिलं होतं. मूल, विषय की जेवण. मला शिकवायला काही उरलंच नाही.

बाकीची नाणी थोडक्यात. 'कोप अप विथ' म्हणू नका, 'कोप विथ' पुरे, तिथे 'अप' आपणच घुसडलाय. फॉर्म 'फिल अप' करण्यापेक्षा 'फिल इन' किंवा 'फिल आउट' करा. 'इन' आणि 'आउट' एकमेकांच्या उलट असूनही इथे अर्थ एकच. का, ते विचारू नका. कार्यालयात फाइल 'पुट अप' होते, म्हणजे साहेबांपुढे ठेवली जाते, ती आपल्या कचेऱ्यांची बोली. बाहेर 'पुट अप' म्हणजे भिंतीवर काही लावणे, भाव वाढवणे, किंवा पाहुण्याला रात्रीपुरतं ठेवून घेणे.

सहावी पायरी : वही

यादी पाठ करायच्या फंदात पडू नका. बाजारात 'हजार फ्रेजल व्हर्ब्ज' छापाच्या याद्या मिळतात, त्या 'ए' पासून सुरू होतात आणि माणूस 'बी' ला थकतो. आठवड्याला तीन जोड्या घ्या, त्याही स्वतः ऐकलेल्या किंवा वाचलेल्या. कोशात बघायचं तर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश घ्या. जोडी बहुधा मूळ क्रियापदाच्या नोंदीखाली, शेवटी शेवटी सापडते. 'वर्क आउट' हवं असेल तर 'वर्क' उघडून खाली जायचं.

वहीत अर्थ लिहू नका, वाक्य लिहा, आणि त्याखाली आपण घरी जे म्हणू ते मराठी. माझ्या वहीतलं एक पान असं आहे :

'शी वर्क्स आउट एव्हरी मॉर्निंग.' रोज सकाळी व्यायाम करते.
'वर्क आउट द टोटल.' एकूण किती होतात ते काढ.
'इट वर्क्स आउट टू टू हंड्रेड ईच.' डोक्याला दोनशे पडतात.
'वी ट्राइड, बट इट डिडन्ट वर्क आउट.' प्रयत्न केला, पण जमलं नाही.

चारही ठिकाणी मराठी क्रियापद वेगळं आलं आणि तेच हवंय. सगळीकडे एकच शब्द बसवायचा अट्टहास केला की 'ओके, गुड' होतं.

आता तुमची पाळी. खाली 'मेक अप' ची पाच वाक्यं आहेत. कर्म बघा, मराठी लावा, मग उत्तरं वाचा.

१. 'ही मेड अप अ स्टोरी अबाउट द ट्रॅफिक.'
२. 'दे फॉट ॲट लंच अँड मेड अप बाय टी टाइम.'
३. 'आय विल मेक अप द टाइम ऑन सॅटरडे.'
४. 'गर्ल्स मेक अप हाफ द क्लास.'
५. 'मेक अप युअर माइंड.'

पहिल्यात त्याने ट्रॅफिकची थाप रचली. दुसऱ्यात दुपारी भांडले, चहापर्यंत गट्टी झाली. इथे कर्म नाही हे लक्षात आलं असेल. तिसऱ्यात बुडालेला वेळ शनिवारी भरून काढणार. चौथ्यात निम्मा वर्ग मुलींचा. पाचव्यात एकदाचं काय ते ठरव. तोंडाला लावायचा मेकअप या पाचांत एकदाही आलेला नाही.